न दिलेली ओळ

दौलतगंजात आमच्या मंडळाच्या नाटकाला
जानेवारीतली तारीख मिळाली,
आणि धुकं फुकट.
तिकीट न काढता थेट सभागृहाच्या दारापर्यंत आलेलं.
किल्ला आठवडाभर कुणाला दिसला नव्हता.
स्कॉटलंड वेगळं दाखवायची गरजच पडली नाही.

मी टिपणीस. आडनावाला जागून
सव्वीस वर्षं विंगेत, स्टुलावर,
चाळीसच्या बल्बखाली वही.
राजाची स्वगतं मला पाठ, राणीची पाठ,
चेटकिणींची तर झोपेतसुद्धा.
प्रेक्षकांना माझा श्वासही कधी ऐकू गेला नाही.
हे मी अभिमानाने सांगायचो.

राजा, मोरेश्वर इंगळे. एरवी चुंगी नाक्यावर कारकून.
दिवसभर ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडून आलेला आवाज
मराठीत शिरताना काय व्हायचा, देव जाणे.
पहिल्याच वाक्याला शेंगा फोडणारे हात थांबायचे.

माझ्या चेटकिणी तीन नव्हत्या. एकच,
तीही दाढीवाली: फालका बाजारचे हनीफ मास्तर.
राजाचा जांभळा झगा दुरुस्त करून आणला,
इंगळे अजून नाक्यावरच, म्हणून
माझ्या खांद्यांवर टाकून पाहिला.
तोंडात टाचण्या, त्यांच्यामधूनच म्हणाले,
"टिपणीस साहब, ये तो आपका ही नाप है."
बस. शिंप्याचं बोलणं.
चहा झाला, ते गेले.
झगा मी जरा उशिराच उतरवला.

मेजवानीचा प्रवेश. रिकाम्या खुर्चीकडे बघत
इंगळे थबकले.
लोकांना वाटलं, काय अभिनय!
मला कळलं, ओळ गेली.
त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून विंगेकडे पाहिलं,
मध्यरात्री न बघता
उशाशी ठेवलेल्या तांब्याकडे हात जातो ना,
तो असणारच म्हणून,
तसं.

वही उघडी होती. बोट ओळीवर होतं.
मी बल्ब मालवला नाही, पान उलटलं नाही,
काहीच केलं नाही.
इतके कोरडे हात
कुठल्या खुन्याचे असतील?

पडदा ओढावा लागला. मग बैठक, ठराव.
"वय झालं" हे शब्द आधी कुणी काढले
ते इतिवृत्तात नाही.
इतिवृत्त मीच लिहायचो.

पुढे कुठेतरी वाचलं, तिकडचा खरा राजा
सतरा वर्षं टिकला, बऱ्यापैकी नीट राज्य केलं त्याने.
त्याच्या आधीचा पडला तो लढाईत.
अंथरूण, झोप, उशाशी सुरा,
हे नंतर कुणीतरी लिहून घातलं.
मी पुस्तक मिटलं. माझ्या बाबतीत
उलटं झालं होतं.

पुढच्या जानेवारीत झगा माझ्या अंगावर.
हनीफ मास्तरांना एक टाकाही घालावा लागला नाही.
मेजवानी. रंगमंचावरची खुर्ची हवी तशी रिकामी.
पण खाली, दुसऱ्या रांगेत, कडेला
मफलर गुंडाळून इंगळे. तिकीट काढून आलेले.
आणि तीच ओळ,
सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात ठेवलेली,
माझ्या जिभेवर नव्हती.
विंगेत नवा पोरगा, घाबरून पानं चाळतोय.

इंगळ्यांचे ओठ हलले.
आवाज नाही. नुसते ओठ, सावकाश,
घास भरवताना आई आपलंच तोंड उघडते तसे.
मी ओळ घेतली.
टाळ्या पडल्या.

शेवटी जंगल चालत आलं:
बँकेतली बारा पोरं, हातात
कचेरीच्या आवारातल्या कडुनिंबाच्या फांद्या.
ठरल्याप्रमाणे लढलो, ठरल्या जागी पडलो.
पाठीखाली दहिवराने ओला पाला, कडू वास.
मेलेल्या राजाने डोळे मिटायचे असतात.
मी किलकिले ठेवले.
दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची
अजून हलत होती,
आणि दाराबाहेर, धुक्यात,
कुणीतरी सायकलचं कुलूप उघडत होतं.